पाझुरांचं एकुलतं एक पत्र

१

लाल फोल्डर उघडलं आणि आत काहीच नव्हतं.

बोग्ना रुड्स्काने ते उलटं केलं, झटकलं, बोटं घालून कोपरे चाचपले. घड्याळात दहा वाजून तीन मिनिटं झाली होती. बाराच्या आत ते पत्र नोटरीच्या टेबलावर पोचायला हवं होतं, आणि पत्राचा तर पत्ताच नव्हता!

"वकीलसाहेब, पत्र कुठंय?"

तेओफिल व्रोना म्हणजे वॉर्सातले जुने, नावाजलेले वकील. सत्तरी ओलांडलेली, चष्मा कायम कपाळावर. पत्राची राखण करायला त्यांना नऊ वाजल्यापासून या खोलीत बसवलं होतं.

"कुठंय म्हणजे? फोल्डर तुम्हीच दिलंत. मी ते उघडलंसुद्धा नाही, आणि खुर्चीवरून उठलोही नाही."

"मग गेलं कुठं?"

"ते तुम्हालाच ठाऊक, बाई. दिलंत तेव्हाच रिकामं असेल."



पत्र कसलं, ते सांगायला हवं. सांदोमेशचे हिएरोनिम पाझुरा, वय वर्षं ब्याऐंशी. त्यांचा गुलाबपाकळ्यांच्या मुरांब्याचा कारखाना. देशातल्या निम्म्या डोनटांच्या पोटात त्यांचाच मुरांबा असतो. म्हाताऱ्याने कारखाना विकायला काढला आणि दोन फंड त्यावर टपून बसले: एक व्हिएन्नाचा, दुसरा बोग्नाचा 'तार्निना'. या फंडांचा धंदा असा, की चांगल्या कंपन्या विकत घ्यायच्या, पाचसहा वर्षं खाऊपिऊ घालून धष्टपुष्ट करायच्या आणि चढ्या भावाने विकायच्या. पाझुरांचा विश्वास ना ईमेलवर, ना कॉम्प्युटरवर. त्यांनी स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून बोग्नाला दिलं होतं: हे पत्र घेऊन तेवीस ऑक्टोबरला बाराच्या आत जो नोटरीकडे येईल, कारखाना त्याचा.

"याची दुसरी प्रत?" असं बोग्नाने तेव्हा विचारलं होतं.

"एकच," म्हातारा म्हणाला होता. "कागद सांभाळता येत नाही त्याला कारखाना काय सांभाळता येणार?"

म्हणजे फोन करून दुसरं पत्र मागायची सोय नव्हती. मागितलं की कारखाना व्हिएन्नाला गेलाच म्हणून समजा.

या एका कागदासाठी बोग्ना सात वेळा सांदोमेशला गेली होती. कढईतला मुरांबा तिने ढवळला होता, म्हाताऱ्याच्या नातीचा अभ्यास घेतला होता. फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलमधून बाहेर पडून तिला पाच वर्षं झाली होती. आधी असोसिएट, मग व्हाइस प्रेसिडेंट. आज चार वाजता समिती बसणार होती आणि त्यावरच्या पायरीवर, म्हणजे प्रिन्सिपलच्या रिकाम्या झालेल्या दुसऱ्या खुर्चीवर, कोण बसणार ते ठरणार होतं. तिचे वडील वूजमध्ये ट्राम चालवत. "पोरगी कुठली तरी मोठी साहेब होणारे," एवढं सांगून त्यांनी अख्ख्या ट्रामडेपोला पार्टी कबूल करून ठेवली होती.

फंडाचे मालक सेवेरिन गोस्तिन्स्की दोनच मिनिटांत खोलीत आले. आवाज न चढवता बोलणारा माणूस. त्याचीच भीती जास्त वाटायची.

"खोलीची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"फक्त तुझ्याकडे?"

"हो."

सेवेरिननी घड्याळाकडे पाहिलं. "साडेअकरापर्यंत पत्र माझ्यासमोर हवं, बोग्ना. नाहीतर चार वाजता समितीपुढे मला तुझ्याविषयी काही वेगळंच बोलावं लागेल."

२

रडायला वेळ नव्हता. बोग्ना आपल्या खोलीत येऊन बसली, डोळे मिटले आणि सकाळ पहिल्यापासून उगाळायला लागली.

आज सेवेरिनचा नामदिन. नामदिन म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, इकडे वाढदिवसापेक्षा मोठा. ज्याचा असेल त्याने केक वाटायचा, बाकीच्यांनी फुलं आणायची. चौकातल्या फुलवालीने तिला सात जर्बेरा बांधून दिले आणि वर लाडाने आठवा फुकट द्यायला निघाली.

"अहो, मी नामदिनाला चाललेय, कबरस्तानात नाही!" असं म्हणून बोग्नाने तो परत केला होता. फुलवालीने जीभ चावली होती.

मग नऊ वाजता कागदांची खोली. दाराची किल्ली तिच्याचकडे. तिने तिजोरीतून पत्र काढलं, वाचलं, लाल फोल्डरमध्ये ठेवलं. ठेवलं म्हणजे ठेवलं. ती शपथेवर सांगायला तयार होती. व्रोना आले तेव्हा तिने घाईत दारातूनच हात पुढे केला, तर म्हातारबुवांनी आधी आत पाऊल टाकलं, मगच हात हातात घेतला. त्यांच्या टेबलावरचा दिवा लागेना, म्हणून ती चांगला स्कर्ट घालून टेबलाखाली रांगली आणि वायर खोचून आली. टेबलाखाली, शेजारच्या कपाटाखाली, सगळीकडे स्वच्छ करडा गालिचा होता, दुसरं काही नव्हतं.

खोलीला मागे आणखी एक दार होतं. ते थेट सेवेरिनच्या खोलीत उघडायचं आणि त्याची कडी सेवेरिनच्या बाजूला होती. पण वकील खोलीत ठाण मांडून बसलेले असताना त्या दारातून कोण येणार?

मग सव्वानऊला सगळे सेवेरिनच्या खोलीत जमले, हस्तांदोलनं झाली, गालांचे मुके झाले. तिचा सहकारी क्सावेरी याने व्हिस्की दिली, तिने जर्बेरा दिले. त्यानंतर सेवेरिन केकचा ट्रे घेऊन अख्खा मजला फिरायला निघाले, ते दहालाच परतले.

म्हणजे सव्वानऊ ते दहा. जे काही झालं ते याच वेळात. आणि तेवढा सगळा वेळ एक वकील तिथे बसून होता, म्हणे.

वकील खोटं बोलत असेल तरच ही गाठ सुटणार होती. पण का बोलेल?

३

क्सावेरी दुनिन आपल्या खोलीत खुर्चीत मागे रेलून बसला होता. त्याच्या खापरपणजोबाचा घोड्यावर बसलेला पुतळा कुठल्याशा गावात आहे, हे मजल्यावरच्या प्रत्येकाला तो निदान दोनदा तरी सांगून झाला होता. बोग्नाच्याच बिझनेस स्कूलचा, तिच्याच वर्गातला. प्रिन्सिपलच्या खुर्चीला दोनच उमेदवार होते, आणि दुसरा हा.

"ये ये, शेरलॉक बाई," तो म्हणाला. अख्ख्या मजल्याला बातमी कळली होती तर.

"चेष्टा पुरे. मधल्या वेळात तू त्या खोलीकडे गेला होतास?"

"गेलो होतो. वकीलसाहेबांना नमस्कार करायला. ते दारात आत उभे, मी बाहेर. हात मिळवला आणि निघालो. आत पाऊलही टाकलं नाही. विचार त्यांना."

"बास?"

"बास. आणि हे बघ, मला तुझी खुर्ची हवीय हे खरंय. पण चोरून मिळालेल्या खुर्चीत बसवत नाही गं आपल्याला. आमच्या घराण्यात..."

"पुतळा माहितीये मला," बोग्ना म्हणाली आणि बाहेर पडली.

व्रोनांनीही तंतोतंत तेच सांगितलं. "तो दुनिन आला होता ना. दाराशी. हात मिळवला आणि गेला. मी दारापर्यंत आलो तेवढाच. फोल्डर डोळ्यांसमोर होतं."

तिसरी भेट लुबोमीरा झिखची. ही गेली नऊ वर्षं फंडाच्या प्रिन्सिपलांपैकी एक. बोग्ना नवीन आली तेव्हा कागद कसा वाचायचा, मालकाशी कसं बोलायचं, जेवणाच्या टेबलावर कधी गप्प बसायचं, सगळं हिनेच शिकवलेलं. 

"लुबोमीरा, मी पत्र आत ठेवलं होतं हो. खरंच."

"माझा विश्वास आहे गं." लुबोमीराने तिच्या हातावर हात ठेवला. "मी मदत करते. सगळा मजला पालथा घालू. मिळेल, बघ."

"तुम्ही सकाळी कुठे होतात?"

"मलाही विचारतेस? शाब्बास, असंच शिकवलं होतं तुला." ती हसली. "पावणेनऊला आले. सेवेरिनच्या खोलीत फुलं ठेवली, फुलदाणीत पाणी घातलं. सव्वानऊला शुभेच्छा देऊन झाल्या, की इथे बसून लंडनशी फोनवर. दहापर्यंत."

अकराला दहा कमी. सगळेच साधे, सगळेच स्वच्छ आणि पत्र मात्र नाहीसं.

४

बोग्ना आपल्या खोलीत परतली ती डोकं धरूनच. सगळीकडे अंधार दिसत होता तिला, लख्ख उन्हात.

दार वाजलं. हाल्शकाबाई चहा घेऊन उभ्या होत्या. रिसेप्शन, किचन, किल्ल्या, भांडणं, सगळं गेली एकोणीस वर्षं या बाईच सांभाळत. त्यांच्याशिवाय या मजल्यावर दिवासुद्धा लागत नसे.

"घे पोरी, लिंबू पिळलंय."

बोग्ना उठून दाराशी गेली आणि कप घ्यायला हात पुढे केला.

"ए, ए! दारातून नको!" हाल्शकाबाई केवढ्यांदा तरी ओरडल्या. "आधीच दिवस वाईट चाललाय तुझा, त्यात उंबरठ्यावरून घेतेस? सरक, आत येऊ दे मला."

बोग्ना सरकली. बाई स्टीलची पट्टी ओलांडून आत आल्या आणि मग कप तिच्या हातात दिला.

काचेच्या या इमारतीत उंबरठा कसला, बोटभर पट्टी नुसती. पण पट्टी असो नाहीतर पोलादी वेस, तिच्यावरून इथे कोणी हात मिळवत नाही. भांडण लागतं, काम फिसकटतं. बिझनेस स्कूल करून आलेला करत नाही, पुतळेवाल्यांचा खापरपणतू करत नाही, आणि सत्तरीचा वकील तर मेला तरी करणार नाही. सकाळीच नाही का त्यांनी आधी आत पाऊल टाकलं होतं!

बोग्नाच्या हातातला चहा बशीत सांडला.

"ते दारात आत उभे, मी बाहेर, हात मिळवला." दोघेही हेच म्हणाले. आणि हे होणंच शक्य नव्हतं! दोघांपैकी एकाने पट्टी ओलांडली होती. क्सावेरी आत गेला असता, तर व्रोनांनी ते दहा वेळा सांगितलं असतं. चोर म्हणून बोट दाखवायला आयता माणूस. ते लपवत होते, म्हणजे ते स्वतःच बाहेर आले होते.

"हाल्शकाबाई," ती ओरडलीच, "तुम्ही देवी आहात!"

"ते मला माहितीये," बाई म्हणाल्या. "बशी पूस आधी."

५

"वकीलसाहेब, किती वेळ बाहेर होतात?"

व्रोनांचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला. "मी? बाहेर?"

"उंबरठ्यावरून तुम्ही हात मिळवलात, हे मी तुमच्या बायकोला सांगू? की कशासाठी बाहेर आलात ते तुम्ही सांगताय?"

बायकोचं नाव काढताच म्हातारा पार ढेपाळला. मान खाली घातली आणि पुटपुटला, "केक."

"काय?"

"तो पोरगा क्रीमचा केक घेऊन आला होता. दोन थरांचा, मध्ये हे एवढं क्रीम. मला साखर आहे, घरी वासही घेऊ देत नाहीत. कागदांच्या खोलीत खायला बंदी, तुमचाच नियम. म्हटलं, कॉफीच्या मशीनपाशी उभं राहून दोन घास..." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "साडेनऊचा सुमार, चारपाच मिनिटं झाली असतील. पत्र सोडून गेलो हे बाहेर कळलं, तर चाळीस वर्षांची वकिली गेली. दुनिन म्हणाला, मी कोणाला सांगणार नाही."

क्सावेरी गप्प राहिला तेही उघडच होतं. वकिलाला बाहेर काढलं कोणी, असं विचारलं की बोट त्याच्याकडेच जाणार होतं. शहाण्याने तोंड शिवून घेतलं होतं.

म्हणजे साडेनऊच्या सुमाराला चारपाच मिनिटं खोली रिकामी होती. पुढच्या बाजूला क्सावेरी आणि वकील केक चापत उभे. राहिलं मागचं दार.

बोग्ना धावतच सेवेरिनच्या खोलीत गेली. ते समितीचे कागद वाचत होते.

"सापडलं?"

"अजून नाही. जरा बघू द्या."

मागच्या दाराची कडी नुसती टेकवलेली होती. खिडकीपाशी फुलदाण्या ओळीने मांडल्या होत्या. तिचे सात जर्बेरा. कोणाचे तरी पाच गुलाब. आणि निळ्या फुलदाणीत मोठाली लालभडक डेलियाची फुलं, शेजारी लुबोमीराचं कार्ड. बोग्नाने सहज नजर टाकली आणि तिथेच थबकली. बोटाने मोजलं. परत मोजलं.

दहा.

नामदिनाला दहा फुलं? लग्नकार्यात अकरा-एकवीस सोडून कोणी दहा-वीस देईल का? इथे जोडीची संख्या फक्त कबरीवर ठेवतात. आणि लुबोमीरा! जी पाहुण्याच्या काट्याचमच्याचा कोनसुद्धा तपासते! तिने दहा आणलीच नव्हती. अकरावं कुठेतरी पडलं होतं.

बोग्नाने कडी काढली, कागदांच्या खोलीत शिरली आणि सकाळी रांगली होती तिथेच, दिव्याच्या वायरीपाशी पुन्हा रांगली. टेबलाखाली काही नव्हतं. मग टेबल आणि मागचं दार यांच्यामधल्या कपाटाखाली तिने हात घातला. बोटांना काहीतरी मऊ लागलं.

६

अकरा वाजून बावीस मिनिटांनी तिने लुबोमीराच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि डेलियाचं फूल टेबलावर ठेवलं.

लुबोमीराने फुलाकडे पाहिलं. मग बराच वेळ बोग्नाकडे.

"फुलदाणीतून कोणीतरी काढून टाकलं असेल."

"बघा ना नीट. फुलदाणीतली दहा टवटवीत आहेत. हे मान टाकून पडलंय, आणि देठ कोरडा ठणठणीत. याला पाणी लागलेलंच नाही. म्हणजे फुलदाणीत जायच्या आधीच ते पडलं. तुम्ही म्हणता पावणेनऊला फुलं पाण्यात घातली. पण तेव्हा पत्र तिजोरीत होतं, आणि नऊला मी खाली रांगून आले तेव्हा तिथे पाकळीसुद्धा नव्हती. फुलं तुम्ही नंतर आणलीत, सेवेरिन ट्रे घेऊन गेल्यावर. गुच्छ हातात असताना पलीकडे वकील बाहेर गेल्याचं ऐकलंत. कडी काढलीत. पत्र गुच्छाच्या कागदात सरकवलंत आणि तेवढ्यात एक फूल निसटलं. घाईत मोजायचं राहिलं."

लुबोमीरा हसली, पण डोळे हसले नाहीत. "मोजायचं राहिलं. मी!"

"का, लुबोमीरा?" बोग्नाला राग येत होता आणि रडूही. "तुम्ही शिकवलंत मला सगळं."

"म्हणूनच. माझ्यापेक्षा लवकर शिकलीस." तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "नऊ वर्षं एकाच पायरीवर आहे मी. इथे वर चढा नाहीतर बाहेर पडा, हा नियम तुला माहितीये. मागची दोन कामं माझ्या हातून गेली. सेवेरिननी मला डिसेंबरपर्यंत मुदत दिलीय. पत्र मी फाडणार नव्हते गं, देवाशप्पथ. पावणेबाराला मीच शोधून काढलं असतं, तुझ्या खणाच्या मागे. मीच धावत नोटरीकडे गेले असते. सगळे म्हणाले असते, पोरगी हुशार आहे, पण अजून कच्ची. आणि लुबोमीरा होती म्हणून वाचलो."

"आणि माझे पाच वर्षांचे श्रम?"

लुबोमीरा टेबलाकडे वळली. खण उघडला, फुलवालीचा घडी घातलेला कागद काढला आणि त्यातून पत्र काढून टेबलावर ठेवलं. पाझुरांचं थरथरतं, ठसठशीत अक्षर! 

"सांगणार आहेस त्यांना?"

बोग्ना पत्र घेऊन दारापर्यंत गेली होती. ती वळली. "मी नाही. तुम्हीच सांगा. माझ्या नावावर डाग आहे आत्ता, तो तुमच्या तोंडूनच पुसला जायला हवा. मी एक वाजता परत येते."

७

साडेअकराला पत्र सेवेरिनच्या डोळ्यांसमोर धरून, "कोणी?" या प्रश्नाला "आल्यावर बोलू!" एवढंच ओरडून ती लिफ्टकडे सुटली. मागून व्रोना धापा टाकत. ट्राम नेमकी समोरून निघून गेली, तेव्हा तिने बूट काढून हातात घेतले आणि धावत सुटली. लोक बघत राहिले. ट्रामवाल्याच्या पोरीला आज ट्रामने दगा दिला, पण पायांनी नाही.

बाराला चार मिनिटं कमी असताना ती नोटरीच्या दारात उभी होती. केस विस्कटलेले, बूट हातात. हिएरोनिम पाझुरा आत काठी टेकून उभे होते.

"आलीस?" म्हातारा म्हणाला. "ये, ये आत. दारात हात देत नाही मी."

तिने उंबरठा ओलांडला आणि मग त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. व्हिएन्नाची माणसं बाहेरच्या बाकावर बसून होती, ती निमूटपणे उठून गेली.

एक वाजता ती परतली, बूट अजून हातातच, तेव्हा मजल्यावर शांतता होती. लुबोमीराच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, टेबलावर त्या एका फुलाशिवाय काही नव्हतं. हाल्शकाबाईंनी नुसती मान हलवली. ते मेजावरचं कोरडं फूल बोग्नाने उचललं आणि सेवेरिनच्या खोलीकडे गेली.

ते खिडकीपाशी निळ्या फुलदाणीसमोर उभे होते.

"सकाळपासून दहा मोजतोय," ते वळून न बघता म्हणाले. "म्हटलं, लुबोमीराला मी मेलेला हवाय का? पण पुढे काही सुचलं नाही मला. तिने येऊन सगळं सांगितलं. गेली ती." मग ते वळले. "तू का नाही सांगितलंस?"

बोग्ना दाराबाहेरच उभी होती. पाय दुखत होते, आत जायचं त्राण नव्हतं. "मला शिकवलं होतं त्यांनी," ती म्हणाली.

"समिती चारला बसेल. औपचारिकता आहे ती." सेवेरिननी दारापर्यंत येऊन हात पुढे केला. "अभिनंदन, प्रिन्सिपल."

हात पट्टीच्या वरच अधांतरी राहिला. बोग्नाने तो धरला नाही. तिने नुसतं खाली पट्टीकडे पाहिलं.

वीस वर्षांत या खोलीत प्रत्येकजण आत जाऊन हात मिळवत आला होता. सेवेरिननी पट्टीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या बुटांकडे पाहिलं, आणि एक पाऊल टाकून ते बाहेर आले.